वाचक विचारतात : जुने गेम, नवी वर्गणी

लहानपणी खेळलेले व्हिडिओ गेम नव्या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळण्याच्या यंत्रावर, वर्गणी भरून खेळण्याविषयीची पत्रे या खेपेस इतकी आली की, इतर विषय पुढच्या अंकासाठी ठेवून हे सदर संपूर्णपणे त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडक्यात दिली असून पाठवणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : १९९०च्या दशकात आमच्या चाळीत एका बिऱ्हाडी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी मुले तिथे मारिओ, कॉन्ट्रा आणि टँक खेळत असू. आता मुलीसाठी निन्टेन्डो स्विच घेतला आहे. वर्षाची वर्गणी भरली की सगळे जुने गेम मिळतात, असे दुकानदार सांगतो. हे खरे आहे का? (दादर)

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. निन्टेन्डो स्विच ऑनलाइन ही सेवा सप्टेंबर २०१८ मध्ये एनईएसचे २० जुने गेम घेऊन सुरू झाली. जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये निन्टेन्डोचा जो कन्सोल फॅमिकॉम या नावाने आला, त्याचेच परदेशी रूप म्हणजे एनईएस. वर्षभराने या सेवेत सुपर निन्टेन्डो या पुढच्या कन्सोलचे गेम आले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये हातात धरून खेळायच्या गेम बॉयचे. हे सारे मूळ वर्गणीत मिळते. सेवा सुरू झाली तेव्हा अमेरिकेत ही वर्गणी वर्षाला १९.९९ डॉलर होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ४९.९९ डॉलरची वाढीव योजना आली आणि निन्टेन्डो ६४, सेगा मेगा ड्राइव्ह व पुढे गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या जुन्या कन्सोलचे गेम तिच्यात ठेवण्यात आले. गेमक्यूबचे गेमही जून २०२५ पासून याच वाढीव योजनेत आहेत, पण ते फक्त स्विच २ या नव्या कन्सोलवर चालतात.

तुम्ही नावे घेतलेल्या तीन गेमपैकी १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स मूळ वर्गणीतच आहे, त्याचे पुढचे दोन भागही आहेत आणि एक्साइटबाइक, बलून फाइट, आइस क्लायंबर हे तुम्हाला कदाचित चित्रावरून ओळखू येतील असे गेमही आहेत. कॉन्ट्रा कोनामी कंपनीचा आहे. तो हवा असेल तर २०१९ मध्ये निघालेला कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन हा संच एकदा पैसे देऊन विकत घेणे हा खात्रीचा मार्ग आहे. वाढीव योजनेतील सेगाच्या यादीत कॉन्ट्रा हार्ड कोअर दिसेल, पण तो तुमच्या आठवणीतला गेम नव्हे. ज्याला आपण सगळे टँक म्हणत होतो त्याचे नाव बॅटल सिटी. तो नामकोने १९८५ मध्ये काढला आणि २०२०च्या नामको म्युझियम आर्काइव्हजच्या दुसऱ्या संचात तो मिळतो.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती समजली नाही तर मुंबईकर वाचकाची निराशा ठरलेली आहे. आपल्याकडे त्या काळी घरोघर असलेले बहुतेक कन्सोल फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि लाखो गेम असल्याचा दावा करणाऱ्या पिवळ्या, काळ्या कॅसेटींमध्ये मोजकेच गेम नावे बदलून पुन्हापुन्हा भरलेले असत. ते बहुधा जपानी बाजारातले होते. बॅटल सिटी आणि सर्कस चार्ली हे गेम अमेरिकेत एनईएसवर कधी विकलेच गेले नाहीत, पण गिरगावापासून घाटकोपरपर्यंतच्या मुलांना ते तोंडपाठ होते. आजच्या वर्गणी सेवा प्रामुख्याने जपान, अमेरिका आणि युरोपातल्या खेळाडूंची आठवण समोर ठेवून यादी करतात. आपल्या बालपणाची यादी त्यांच्यापैकी कुणाशीच पूर्ण जुळत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, सेवा आधी निवडू नये. आधी कागदावर हव्या असलेल्या गेमची नावे लिहावीत, आठवत नसतील तर चित्रे पाहून खरी नावे शोधावीत, आणि त्यांपैकी किती त्या सेवेत आहेत हे पाहून मगच पैसे भरावेत. नव्या खात्याला सात दिवस सेवा फुकट वापरून पाहता येते, तेवढ्यात हे सहज होते.

खरेदीविषयी दोन सूचना. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा हाजीअलीच्या हिरा पन्नात मिळणारे स्विच बाहेरून आणलेले असतात. अशा कन्सोलवर खाते अमेरिका, जपान किंवा अन्य देशाच्या ई-शॉपला, म्हणजे निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानाला, जोडलेले असते आणि तिथे आपले कार्ड चालेलच असे नाही, म्हणून बहुतेक लोक त्या देशाचे प्रीपेड कोड विकत घेतात. कोड ज्या देशाचा, खातेही त्याच देशाचे असले पाहिजे. दुसरे म्हणजे, स्विच २ घेणार असाल तर जपानमध्ये स्वस्तात विकली जाणारी केवळ जपानी भाषेची आवृत्ती टाळा, कारण तिला फक्त जपानी खातेच जोडता येते. मूळ स्विचला मात्र जपानी खाते जोडणे उपयोगाचे ठरते. वर्गणी देशापुरती बांधलेली नसल्याने त्या खात्यातून जपानी फॅमिकॉमचे अ‍ॅप उतरवून घेता येते आणि त्यातले काही गेम इंग्रजी यादीत नसतात.

प्रश्न : वर्गणी भरून पहिल्याच दिवशी मारिओ लावला. शाळेत असताना जी लेव्हल न बघता पार करत होतो तिथे आता खड्ड्यात पडतो. बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते आणि गेमही फार भरभर पळतो असे वाटते. हा नकली गेम आहे का? शिवाय बदकांवर बंदूक मारायचा गेम यादीत का दिसत नाही? (लालबाग)

उत्तर : तुमच्या दोन्ही शंकांना आधार आहे, मात्र त्यांची कारणे वेगवेगळी आहेत.

आधी वेगाचे पाहू. भारतातील दूरचित्रवाणी पाल पद्धतीची होती आणि तिच्यात पडद्यावरचे चित्र सेकंदाला ५० वेळा बदलत असे. जपान आणि अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीत ते ६० वेळा बदलते. त्या काळच्या कन्सोलमध्ये वेगळे घड्याळ बघून गेम चालत नसे, तर प्रत्येक चित्रागणिक मारिओने किती सरकायचे, कासवाने किती सरकायचे आणि संगीत किती पुढे न्यायचे हे ठरलेले असे. तुमच्या घरचा कन्सोल पाल टीव्हीसाठी बनवलेला असेल, आणि इथे विकले जाणारे बहुतेक तसेच होते, तर तुम्ही ज्या मारिओवर हात बसवला तो मूळ वेगापेक्षा सहाव्या हिश्शाने सावकाश होता. आज स्विचवर तो ६०च्या वेगाने, म्हणजे तुमच्या आठवणीपेक्षा वीस टक्के जलद धावतो. गेम नकली नाही. उलट तो ज्यांनी बनवला त्यांना अभिप्रेत असलेला वेग तुम्ही बहुधा पहिल्यांदाच पाहत आहात. चार-सहा संध्याकाळी खेळलात की हात पुन्हा बसेल, आणि संगीताची खरी लय एकदा कानात गेली की जुनी लय ओढल्यासारखी वाटू लागेल.

उशिरा लागणाऱ्या उडीचे कारण मात्र बहुधा तुमच्या नव्या टीव्हीत आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत कन्सोलकडून येणारी प्रत्येक रेघ जशी येई तशी थेट काचेवर उमटत असे. आजचा टीव्ही संपूर्ण चित्र हातात येईपर्यंत थांबतो, मूळचे २५६ बाय २४० ठिपक्यांचे चित्र कित्येक पटींनी मोठे करतो, रंग सुधारतो, हालचाल मऊ करतो आणि मग ते दाखवतो. एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे १६.७ मिलिसेकंद लागतात. टीव्हीने अशा तीन-चार चित्रांचा उशीर केला तरी खड्ड्याच्या कडेवरची उडी हुकते. त्यात गेमची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरचा थोडा उशीर आणि बिनतारी कंट्रोलरचा थोडा उशीर मिळतो.

दोष कुणाचा हे ओळखण्याची सोपी रीत आहे. स्विच टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधून काढा आणि हातात धरून त्याच्याच पडद्यावर तीच लेव्हल खेळा. उडी नीट लागली तर दोष टीव्हीचा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोधून चालू करा, हालचाल मऊ करणारे जे काही पर्याय असतील ते बंद करा आणि कंट्रोलर तारेने जोडता आला तर जोडा. याच वेळी चित्राची मापेही तपासा. हे गेम चारास तीन या आकाराच्या पडद्यासाठी काढलेले आहेत. रुंद पडदा भरावा म्हणून ते ताणले की मारिओ जाडा होतो आणि उडीचे अंतरही डोळ्याला चुकीचे वाटते. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. सेवेतच जुन्या टीव्हीसारखे चित्र दाखवणारा एक पर्याय आहे, तोही एकदा लावून पाहा. त्या काळच्या चित्रकारांनी रंगांचे ठिपके ट्यूबवर एकमेकांत मिसळतील हे गृहीत धरलेले होते.

बदकांच्या गेमचे नाव डक हंट, साल १९८४, आणि तो न दिसण्याचे कारणही ही पिक्चर ट्यूबच आहे. बंदुकीतून काहीही बाहेर पडत नसे. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा होता. घोडा ओढताच पडदा क्षणभर पूर्ण काळा होई, पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि त्या नेमक्या क्षणी बंदुकीला प्रकाश दिसला तर नेम लागला असे कन्सोल ठरवीत असे. दोन बदके असतील तर चौकोन एकामागून एक उमटत. ही सारी व्यवस्था ट्यूबच्या तात्काळपणावर उभी होती. आजच्या टीव्हीत तो चौकोन उशिरा उमटतो, तोवर कन्सोलने वाट पाहणे सोडलेले असते. मूळ बंदूक एलसीडी पडद्यासमोर म्हणूनच निरुपयोगी ठरते.

प्रश्न : माझ्याकडे प्लेस्टेशन ५ आहे. परदेशातल्या भावाच्या खात्यात प्लेस्टेशन प्लसची प्रीमियम योजना दिसते, माझ्याकडे डिलक्स दिसते. आपल्याला काही कमी मिळते का? जपून ठेवलेल्या पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडी यात चालतील का? (अंधेरी)

उत्तर : होय, कमी मिळते, आणि नेमके काय कमी मिळते हे पैसे भरण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक आहे. सोनीने २०२२ मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या तीन पायऱ्या केल्या. ज्या देशांत गेम दूरच्या सर्व्हरवर चालवून त्याचे फक्त चित्र घरी पाठवण्याची सोय आहे तिथे सर्वात वरची पायरी प्रीमियम, आणि भारतासारख्या जिथे ती नाही अशा देशांत डिलक्स. पहिल्या प्लेस्टेशनचे, प्लेस्टेशन २चे आणि पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलचे निवडक गेम डिलक्समध्येही मिळतात, कारण ते तुमच्याच कन्सोलवर उतरवून खेळायचे असतात. प्लेस्टेशन ३चे मूळ गेम मात्र सोनी केवळ सर्व्हरवरूनच देते. त्या कन्सोलमधला सेल नावाचा प्रोसेसर इतका वेगळ्या घडणीचा होता की, त्याची हुबेहूब नक्कल नव्या कन्सोलवर करणे अवघड आहे. त्यामुळे २००६ ते २०१३ या काळातला एखादा आवडता गेम मनात ठेवून तुम्ही डिलक्स घेणार असाल, तर त्याची पुढे निघालेली सुधारित आवृत्ती मिळते का ते पाहा. मिळत नसेल तर ही वर्गणी त्यासाठी भरू नका.

वरच्या पत्रात ५० आणि ६०च्या वेगाचा विषय आला, तो इथेही लागू आहे. ही सेवा २०२२ मध्ये आशियात सुरू झाली तेव्हा पहिल्या प्लेस्टेशनचे काही गेम ५०च्या पाल आवृत्तीत देण्यात आले. खेळाडूंनी तक्रारी केल्यावर सोनीने बहुतेक जुन्या गेममध्ये एनटीएससीचा पर्याय देण्याची योजना जाहीर केली. जुना गेम उतरवल्यावर तो पर्याय दिसतो का हे आधी बघावे आणि दिसला तर तोच निवडावा. मारामारीच्या आणि गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये हा फरक पहिल्या मिनिटाला जाणवतो.

सीडी चालणार नाहीत. प्लेस्टेशन ५चा ड्राइव्ह सीडी वाचतच नाही. त्यात प्लेस्टेशन ४च्या डिस्क चालतात, त्यामागच्या नाहीत. तरी त्या सीडी टाकून देऊ नका. बरेच जुने गेम वर्गणीशिवाय सुटेही विकले जातात. तुमच्या सीडींपैकी जे दोन-चार गेम तुम्ही वारंवार खेळाल असे वाटते ते सुटे घेतले, तर वर्षाच्या वर्गणीपेक्षा खर्च कमी येण्याची शक्यता आहे.

प्रश्न : मुलाने माझे कार्ड जोडून एका गेमसेवेची वर्गणी भरली. ती दर महिन्याला आपोआप कापली जाईल का? ती थांबवली तर त्याने जपून ठेवलेले खेळ पुसले जातील का? (मुलुंड)

उत्तर : आपोआप नूतनीकरण चालू असेल तर पैसे कापले जातील. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून ठरावीक काळाने कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी सुरुवातीला एकदा ओटीपीसह मंजुरी लागते आणि त्यानंतर साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला पुन्हा ओटीपी मागितला जात नाही. मात्र पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला सूचना पाठवणे बंधनकारक आहे आणि त्या सूचनेतूनच तो व्यवहार नाकारता येतो. तेव्हा बँकेचे संदेश न वाचता पुसू नका. याहून बरे म्हणजे, सेवेच्या खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण आजच बंद करावे. भरलेल्या मुदतीचे उरलेले दिवस त्याने वाया जात नाहीत. कार्डही काढून टाका आणि पुढे लागतील तेवढेच पैसे प्रीपेड कोडने वॉलेटमध्ये भरा.

कन्सोलवर साठवलेली प्रगती वर्गणी संपल्याने पुसली जात नाही, फक्त ते गेम उघडत नाहीत. पुन्हा वर्गणी भरल्यावर जिथे सोडले तिथून खेळता येते. निन्टेन्डोच्या क्लाउडवर ठेवलेली प्रत मात्र वर्गणी संपल्यानंतर सहा महिनेच राखली जाते.

मुलाला जुने गेम आवडत असतील तर त्याला त्यापासून तोडू नये असे मला मनापासून वाटते. या गेममध्ये मध्येच पैसे मागणारी दुकाने नाहीत, जाहिराती नाहीत, आणि चूक झाली तर काही सेकंद मागे जाऊन ती सुधारण्याची सोय आता सेवेनेच दिली आहे. घरात दोघे-तिघे खेळणारे असतील तर निन्टेन्डोची कुटुंब वर्गणी आठ खात्यांपर्यंत चालते आणि ती दोन स्वतंत्र वर्गण्यांपेक्षाही स्वस्त पडते.

प्रश्न : हे सगळे गेम नेटवर फुकट मिळतात. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गेमवर अजून कुणाचा हक्क कसा असू शकतो? आणि वर्गणी बंद केली की सगळेच जाणार असेल तर भरायची कशाला? (बोरिवली, महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिल्यात तुमची चूक होते आहे. दुसऱ्यात तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवले आहे.

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो आणि त्यावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, निनावी कृतीच्या बाबतीत प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. कोणत्याही हिशेबाने १९८५चा गेम अजून हक्कातच आहे. ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे त्याने ती नष्ट होईल या भीतीने सुरक्षिततेसाठी प्रत करून ठेवण्यास कलम ५२ मुभा देते, पण अनोळखी संकेतस्थळावरून दुसऱ्याने केलेली प्रत उतरवून घेणे त्यात बसत नाही. जुन्या कन्सोलची नक्कल करणारे एम्युलेटर हे सॉफ्टवेअर स्वतः बेकायदा नसते. या सेवाही आतून एम्युलेटरच वापरतात. जुन्या कन्सोलसाठी आजही हौशी मंडळी नवे गेम लिहितात आणि त्यांतले बरेच स्वतःहून फुकट देतात. त्यांच्यासाठी एम्युलेटर निःशंकपणे वापरा. फुकट मिळणाऱ्या फायलींसोबत फोनमध्ये काय शिरते, हा धोका वेगळाच.

आता दुसरा प्रश्न. वर्गणी म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवरचे घर आहे. करार चालू आहे तोवर दार तुमचे, आणि मालकाने ठरवले तर करार चालू असतानाही एखादी खोली बंद होऊ शकते. मार्च २०२५ मध्ये जपानमधल्या सुपर निन्टेन्डोच्या यादीतून सुपर फॉर्मेशन सॉकर हा गेम काढून टाकण्यात आला. वर्गणी भरणाऱ्यांनाही तो पुढे खेळता आला नाही. सुटे गेम विकत घेण्याची जुनी दुकानेसुद्धा अमर नव्हती. निन्टेन्डोच्याच वी या कन्सोलवरचे दुकान जानेवारी २०१९ मध्ये आणि वी यू व थ्रीडीएस या त्यापुढच्या कन्सोलची दुकाने मार्च २०२३ मध्ये नव्या खरेदीसाठी बंद झाली आणि तिथे मिळणारे कित्येक जुने गेम पुन्हा कुठेच विक्रीला आले नाहीत.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात, २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत, असे दिसून आले. संशोधकांना ग्रंथालयातले गेम घरून अभ्यासता यावेत, अशी सवलत या संस्थेने आणि ग्रंथालयांनी मागितली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. कंपन्या विकत नाहीत आणि ग्रंथालयांना देऊ देत नाहीत, यातून एका संपूर्ण कलेचा पूर्वार्ध अंधारात जातो आहे. तुमच्या पिढीला हे खटकते याचा मला आनंद आहे. पण या अन्यायाचे उत्तर म्हणून, जे गेम आज रीतसर मिळतात तेही चोरून घ्यावेत, हे मला पटत नाही. लोकांनी पैसे मोजले म्हणूनच कंपन्यांनी मागच्या काही वर्षांत जुने संच पुन्हा काढले. विद्यार्थीदशेत हिशेबाने चालायचे असेल तर एक महिन्याची वर्गणी घ्या, जे ऐकून माहीत आहे पण कधी खेळला नाहीत ते सगळे चाळून पाहा, मग ती बंद करा आणि ज्या एक-दोन गेमनी तुम्हाला रात्री जागवले ते कॅसेटवर किंवा डिस्कवर मिळत असतील तर विकत घेऊन ठेवा. शोधण्यासाठी वर्गणीसारखी दुसरी सोय नाही; जपण्यासाठी मात्र ती पुरेशी नाही.

प्रश्न : एक्सबॉक्स गेम पासमध्येही जुने गेम आले आहेत असे कळते. त्यासाठी नवा एक्सबॉक्स घ्यावा का? (चेंबूर)

उत्तर : केवळ तेवढ्यासाठी घेऊ नये. मे २०२५ मध्ये जुने गेम पुरवणाऱ्या अ‍ॅन्टस्ट्रीमच्या मदतीने गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणी सेवेत रेट्रो क्लासिक्स हा भाग आला आणि त्यात अ‍ॅक्टिव्हिजनचे ५० हून अधिक जुने गेम आहेत. १९८२चा पिटफॉल त्यांत आहे, आणि तो प्रत्येकाने एकदा तरी खेळावा, कारण पळत जाऊन उड्या मारण्याच्या गेमची वाट त्याने घालून दिली. मात्र ज्या अटारी कन्सोलवर तो आला त्याचा हा काळ आपल्याकडे फार थोड्या घरांत पोचला होता, त्यामुळे आठवणींसाठी शोधणाऱ्याला तिथे ओळखीचे थोडेच सापडेल. एक्सबॉक्सचे खरे बळ वेगळे आहे. पहिल्या एक्सबॉक्सच्या आणि एक्सबॉक्स ३६०च्या डिस्क घरात असतील आणि मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या यादीत त्यांची नावे असतील, तर नव्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये त्या वर्गणीशिवाय चालतात. सिरीज एसला ड्राइव्हच नाही. या यादीत नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटची भर पडली आणि परवान्यांच्या व तांत्रिक अडचणींमुळे यापुढे वाढ शक्य नाही, असे कंपनीने सांगितले. तेव्हा तुमच्या डिस्कचे नाव यादीत आहे का ते आधी पाहावे.

प्रश्न : रोज बोरिवली-चर्चगेट प्रवासात स्विचवर जुने गेम खेळण्याचा विचार आहे. गाडीत नेट धड नसते. वर्गणीतले गेम नेटशिवाय चालतात का? (मालाड)

उत्तर : चालतात. निन्टेन्डोच्या सेवेत प्रत्येक जुन्या कन्सोलचे एक अ‍ॅप असते. ते एकदा उतरवले की त्यातले गेम कन्सोलमध्येच राहतात आणि नेट नसतानाही सात दिवसांपर्यंत उघडतात. त्यानंतर वर्गणी चालू असल्याची खात्री करण्यासाठी कन्सोलला एकदा नेटची गरज लागते. रोज रात्री घरच्या वायफायवर स्विच चार्जिंगला लावत असाल तर याची वेगळी आठवण ठेवावी लागणार नाही. पावसाळ्यात घरचे नेट चार-पाच दिवस बंद पडले तर फोनचा हॉटस्पॉट काही मिनिटांसाठी जोडला तरी काम होते. ज्या सेवा गेमचे चित्र सर्व्हरवरून पाठवतात त्या लोकलमध्ये उपयोगाच्या नाहीत. प्रवासासाठी गेम बॉयची यादी आधी पाहावी. ते गेम मुळातच हातात धरून, थोड्या थोड्या वेळात खेळण्यासाठी बनवलेले आहेत आणि मूळ वर्गणीतच मिळतात. उतरायचे स्टेशन आले की अ‍ॅपच्या मेनूतून प्रगती जपून ठेवा आणि मगच स्विच पिशवीत टाका, कारण घाईत गेम बंद झाला तर मागच्या वेळी जपलेल्या जागेपासूनच पुन्हा सुरुवात करावी लागते.